सावित्री नदीवरचा दगडी पूल

आपण घोटीकरांना जुनं दगडी बांधकाम नवीन नाही. मुंबईला जाताना कसारा घाटात रेल्वेचे पूल आणि बोगदे लागतात. तो घाटमार्ग १ जानेवारी १८६५ रोजी सुरू झाला. त्यामुळे "इंग्रजांचं काम म्हणजे पक्कं" असं आपण सहज म्हणतो. पण त्यांच्याच काळातल्या एका पुलाची हकिगत या रौप्यमहोत्सवी अंकात सांगावीशी वाटते.

रायगड जिल्ह्यात महाडजवळ, आजच्या मुंबई–गोवा महामार्गावर, सावित्री नदीवर १९२८ साली दगडी कमानींचा पूल बांधला गेला. कमानीची युक्ती फार जुनी. पाचरीसारखे घडवलेले दगड लाकडी सांगाड्यावर गोलाईत रचायचे. मधला शेवटचा दगड बसला की सांगाडा काढून घ्यायचा. वरून भार आला की दगड एकमेकांना आणखी घट्ट दाबतात आणि तो भार खांबांतून पायात उतरतो. दगड दाब सोसण्यात पटाईत, म्हणून असे पूल पिढ्यान् पिढ्या टिकतात.

मात्र सगळी भिस्त पायावर. पुराचं पाणी खांबाला वळसा घालताना तळची वाळू-माती ओढून नेतं. वरून रस्ता छान दिसतो, खाली पोकळी वाढत असते. पाया खचला की कमानीचे दगड सुटतात.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीला मोठा पूर होता. पूल कोसळला आणि जयगड–मुंबई व राजापूर–बोरिवली या दोन एसटी गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. शेजारी नवा पूल होता, तरी मुंबईकडची वाहतूक जुन्यावरूनच चालू होती. पुढे त्या जागी दुसरा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ रोजी खुला झाला. म्हणजे पैसा, यंत्रं, कौशल्य सगळं होतं. पण ते कामाला लागलं माणसं गेल्यावर.

आता आपल्या घराकडे येतो. सोसायटीला २५ वर्षं झाली. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी, आणि ३० नंतर दर ३ वर्षांनी करायचं असतं. सिंकिंग फंडाचा विषय निघाला की सभेत "आत्ताच कशाला?" असं ऐकू येतं. बाहेरचा रंग सगळ्यांना दिसतो. कॉलम आणि पाया कोण बघतो? रौप्यमहोत्सव थाटात करूच. पण येत्या सर्वसाधारण सभेत ऑडिटचा ठरावही करूया, एवढीच सर्व सभासदांना विनंती.