एटीव्हीच्या बेंड पाइपला उष्णतारोधक पट्टी गुंडाळावी का?

एटीव्ही म्हणजे ऑल टेरेन व्हेइकल. चार जाड टायर, मोटारसायकलसारखे हँडल आणि खोगिरासारखी सीट असलेली ही गाडी रस्ता नसलेल्या जागी चालावी म्हणून बनवलेली असते. भारतात बहुतेक एटीव्हींची सार्वजनिक रस्त्यासाठी नोंदणी होत नाही, त्यामुळे त्या शेतात, फार्महाऊसवर, रिसॉर्टमध्ये किंवा समुद्रकिनाऱ्यावर दिसतात. इंजिनातून निघालेला तापलेला धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या वाकड्या नळीला गॅरेजमध्ये ‘बेंड पाइप’ म्हणतात. हेडर म्हणतात तो हाच. या पाइपला उष्णता अडवणारी पट्टी गुंडाळण्याची पद्धत शर्यतीच्या गाड्यांतून आली आणि आता बुलेटपासून एटीव्हीपर्यंत सगळीकडे दिसते.

ही पट्टी गुंडाळावी का? धाराशिव जिल्ह्यात एकच गाडी मे महिन्यात चाळिशीपार उन्हात, जुलैत काळ्या मातीच्या चिखलात आणि ऑक्टोबरात सोयाबीनच्या खळ्यावर जाते. अशा वापरात बहुतेक मालकांसाठी उत्तर ‘नको’ असे आहे. पायाला लागणारी धग कमी करायची असेल, तर पत्र्याची हीट शील्ड तेच काम कमी धोक्यात करते. ते कसे, हे पाहू.

पट्टी नेमके काय करते?

पेट्रोल इंजिनातून बाहेर पडणारा वायू जोर लागलेला असताना साधारण ६०० ते ९०० अंश सेल्सिअस तापलेला असतो. त्यातली बरीच उष्णता पाइपच्या धातूत शिरते आणि तिथून बाहेरच्या हवेत जाते. म्हणजे उघडा पाइप स्वतःला सतत थंड करत असतो. पट्टी गुंडाळली की ही वाट अडते. बाहेरच्या बाजूला धग कमी लागते, पण आतला धातू आधीपेक्षा जास्त तापतो. उष्णता नाहीशी होत नाही, ती पाइपमध्ये कोंडली जाते. पट्टीचे फायदे आणि तोटे, दोन्ही इथूनच सुरू होतात.

फायदा खरा आहे. पाय, प्लॅस्टिकचे भाग, वायर आणि पेट्रोलची नळी यांना झळ कमी बसते. मात्र गुंडाळलेला पाइप हात ठेवण्याइतका गार होत नाही. चालू गाडीची पट्टीसुद्धा कातडी भाजू शकते. लहान मूल गाडीजवळ असेल तर हे विशेष लक्षात ठेवावे.

ताकद वाढते का?

विक्रेते सांगतात त्यात तत्त्व बरोबर आहे. वायू गरम राहिला तर तो वेगाने बाहेर पडतो आणि सिलिंडर रिकामा व्हायला थोडी मदत होते. टर्बो इंजिनात ही उष्णता टर्बो फिरवायला उपयोगी पडते. बंद बॉनेटखालच्या इंजिनात आत ओढली जाणारी हवा कमी तापते, हाही फायदा असतो. पण बहुतेक एटीव्हींत टर्बो नसतो, इंजिन उघड्यावर असते आणि अनेकदा सिलिंडर एकच असतो. अशा गाडीत चालवणाऱ्याला जाणवेल असा फरक पडत नाही.

आपल्याकडे अशा गाड्या स्वतः बांधणारेही आहेत. बाहा एसएई इंडिया या स्पर्धेत २००७ पासून अभियांत्रिकीचे विद्यार्थी, त्यांत महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांचे संघ, स्वतः बनवलेल्या एटीव्ही मध्य प्रदेशातल्या पिथमपूरच्या ट्रॅकवर उतरवत आले आहेत. स्पर्धेतले पेट्रोल इंजिन एका सिलिंडरचे, सुमारे १० अश्वशक्तीचे. एवढ्या छोट्या इंजिनात पट्टीतून ताकद शोधण्यापेक्षा वजन कमी करणे आणि गिअरचे गुणोत्तर नीट निवडणे जास्त फळते.

पाइपचे काय होते?

इथे पाइप कोणत्या धातूचा आहे हे महत्त्वाचे. साधे लोखंडी पोलाद सुमारे ५०० अंशांच्या पुढे झपाट्याने ऑक्सिडाइज होऊ लागते आणि त्याच्या पापड्या सुटतात. पट्टीखाली हे तापमान लवकर गाठले जाते. स्टेनलेस स्टील त्याहून बरीच जास्त उष्णता सोसते, पण जोडावरच्या वेल्डिंगला ताण बसतोच. तापणे आणि गार होणे हे चक्र जितके तीव्र, तितक्या लवकर तडे जातात.

दुसरा शत्रू पाणी. पट्टी विणलेल्या कापडासारखी असते आणि ओल धरून ठेवते. ओढा ओलांडला, गाडी धुतली, किंवा गाडी पावसात उभी राहिली की ओले कापड दिवसभर लोखंडाला चिकटून राहते. चिखलातली बारीक माती विणीत शिरली की ती वाळायला आणखी वेळ लावते. शर्यतीची गाडी फेरी संपली की शेडमध्ये जाते. शेतातली गाडी तशी जपली जात नाही. शिवाय गंज पट्टीखाली दिसत नाही. पाइपला भोक पडून आवाज बदलतो, तेव्हाच तो कळतो.

भुसकट आणि आग

धाराशिव जिल्ह्यात सोयाबीन हे खरिपाचे मुख्य पीक आहे. मळणीनंतरची गुळी, उसाचे पाचट आणि हरभऱ्याचे भुसकट पूर्ण वाळलेले असते. असा पालापाचोळा तापलेल्या धातूला चिकटून राहिला तर साधारण २५० ते ३०० अंशांवर तो धुमसू शकतो. जोरात चाललेल्या गाडीचा उघडा बेंड पाइप याहून जास्त तापतो.

मग पट्टीने आग टळते का? कोरडी, स्वच्छ, नवी पट्टी बाहेरचे तापमान कमी करते, हे खरे. पण ती तशी राहत नाही. विणीत भुसा अडकतो. इंजिनाच्या गॅस्केटमधून ऑइल झिरपत असेल तर पट्टी ते वातीसारखे शोषून घेते, आणि ऑइलने भिजलेली पट्टी तापलेल्या पाइपवर पेटू शकते. पट्टीची टोके जिथे संपतात तिथला उघडा धातूही आधीपेक्षा जास्त तापलेला असतो.

उष्णतेची आखणी चुकली तर काय होते, याचे उदाहरण मोठ्या कंपनीतही आहे. २०१६ मध्ये अमेरिकेत पोलारिस कंपनीने आपल्या आरझेडआर जातीच्या सुमारे १ लाख ३३ हजार गाड्या परत बोलावल्या. चालताना पेट घेण्याच्या १६० हून अधिक घटना नोंदल्या गेल्या होत्या आणि एका १५ वर्षांच्या मुलीचा जीव गेला होता. त्या प्रकरणाचा पट्टीशी संबंध नाही. पण पाइप, टाकी आणि पत्रे यांतली अंतरे ठरवूनच ठेवलेली असतात, ती आपल्या मनाने बदलू नयेत, हे त्यातून समजते. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही एक्झॉस्ट पाइप आणि इंधनाची नळी यांत किमान ३५ मिलिमीटर अंतर सांगितले आहे. शेतातल्या गाडीलाही हा हिशेब लावावा.

पट्टी कशाची असते?

स्वस्त पट्टी काचतंतूची असते. दुसरी बेसॉल्ट तंतूची. बेसॉल्ट म्हणजे आपल्या बालाघाट डोंगरातला आणि नळदुर्ग किल्ल्याच्या तटातला तोच काळा दगड. कारखान्यात तो सुमारे १५०० अंशांना वितळवून त्याचे बारीक धागे ओढतात. बेसॉल्टची पट्टी काचतंतूपेक्षा जास्त उष्णता सोसते आणि लवकर ठिसूळ होत नाही. ॲस्बेस्टॉसची दोरी किंवा कापड मात्र कधीही वापरू नये. त्याचे तंतू फुप्फुसात जाऊन कर्करोग होऊ शकतो.

मग काय करावे?

पायाला झळ लागत असेल तर आधी कंपनीची मूळ हीट शील्ड जागेवर आहे का, ते पाहा. अनेकदा ती दुरुस्तीत काढली जाते आणि परत बसत नाही. नसेल तर पाइपपासून थोडे अंतर सोडून पत्र्याची शील्ड बसवून घ्या. मधल्या हवेमुळे धग अडते, पाइपही थंड होत राहतो, आणि पाणी साचत नाही. शील्डमागे भुसकट अडकते, म्हणून मळणीच्या दिवसांत ती जागा रोज, गाडी गार झाल्यावर, साफ करावी. गाडी तापलेली असताना गंजीजवळ किंवा पाचटावर उभी करू नये. इंजिन नेहमीपेक्षा जास्त तापत असेल तर पट्टी हा त्यावरचा उपाय नाही. ऑइल, रेडिएटरच्या जाळीतला चिखल आणि पेट्रोल-हवेचे मिश्रण तपासून घ्या.

गुंडाळायचीच असेल तर

पाइप स्टेनलेस असेल, गाडी चिखलापाण्यात फारशी जात नसेल, आणि पाय किंवा वायर वाचवायला शील्डला जागाच नसेल, तर पट्टीचा विचार करता येईल. तेव्हा एवढे पाळा:

- वॉरंटी चालू असेल तर आधी डीलरला विचारा.
- पाइप पूर्ण गार आणि स्वच्छ असावा. हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. तंतू कातडीला टोचतात.
- सायलेन्सरच्या टोकाकडून इंजिनाकडे गुंडाळत या. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर साधारण पाव रुंदी चढवा, म्हणजे समोरून येणारी माती घडीत शिरत नाही. दोन-तीन थर देऊ नका.
- टोके स्टीलच्या पट्ट्यांनी घट्ट बांधा. प्लॅस्टिकचे टाय वितळतात.
- ऑक्सिजन सेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि सायलेन्सरचा डबा झाकू नका.
- पहिल्यांदा गाडी तापली की थोडा धूर येतो. गाडी मोकळ्या जागेत, वाळल्या गवतापासून दूर सुरू करा आणि धूर थांबेपर्यंत तिथेच राहा.
- दर पावसाळ्यानंतर एका टोकाची पट्टी सोडून पाइप पाहा. ऑइलचा डाग दिसला की पट्टी काढून टाका. धुऊन पुन्हा वापरू नका.

एवढी देखभाल जमणार नसेल, तर पाइप उघडाच ठेवावा आणि त्यावर शील्ड बसवावी. शेतातल्या गाडीला पाइपवर रोज नजर टाकता येणे जास्त उपयोगाचे आहे.