डी.फार्म झालंय? बी.फार्मच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश कसा मिळतो?

धाराशिव जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या एखाद्या मुलाने बारावी सायन्सनंतर दोन वर्षांचा डी.फार्म पूर्ण केला, की घरचे मेडिकल टाकायचं बोलू लागतात. त्याआधी आणखी एक वाट आहे. ती म्हणजे बी.फार्मच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. त्यासाठी एमएचटी-सीईटी द्यावी लागत नाही. डी.फार्मच्या गुणांवर गुणवत्ता यादी लागते आणि राज्याचा सीईटी कक्ष कॅप राउंड घेतो. चार वर्षांची पदवी मग तीन वर्षांत होते.

मात्र डी.फार्मचं कॉलेज फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता असलेलंच हवं. बी.एस्सी.चं एक वर्ष झालेल्यांना ही सवलत नाही, विषय केमिस्ट्री असला तरी. त्यांना सीईटी देऊन पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते.

मग बी.फार्मच्या बुडालेल्या पहिल्या वर्षाचं काय? कौन्सिलच्या नियमांनुसार डी.फार्मचे ५२ क्रेडिट पदवीत धरले जातात. उरलेल्या ७ क्रेडिटसाठी कम्युनिकेशन स्किल्स आणि कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्स हे दोन विषय जादा घ्यावे लागतात. दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासासोबत हे ओझं येतं, याची आधीच कल्पना असलेली बरी.

खरी गोची फीमध्ये आहे. ‘कॅपचं कशाला, आमच्याकडे थेट सीट आहे’ असं कुणी सांगितलं, तर घाई करू नये. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीसाठी प्रवेश कॅपमधूनच झालेला लागतो. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या सीटची पूर्ण फी घरूनच भरावी लागते. शेतीवर चालणाऱ्या घरासाठी हा फरक लहान नाही. त्यामुळे उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर आणि जात पडताळणी प्रमाणपत्र ही कागदपत्रं निकालाची वाट न बघता आधीच काढून ठेवावीत.

आधीच बी.फार्मला असलेल्यांचं प्रकरण वेगळं आहे. कॉलेज बदलायचं तर नव्या ठिकाणी जागा रिकामी हवी आणि जुन्या कॉलेजची ना-हरकत लागते. त्यात धाराशिव जिल्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या हद्दीत, तर शेजारचा लातूर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या हद्दीत येतो. नवं कॉलेज दुसऱ्या विद्यापीठाचं असेल, तर मायग्रेशन प्रमाणपत्र आणि पात्रता मंजुरीही घ्यावी लागते.