घाट चढून गेलेल्या गाड्या

जुन्या वाहनांचा शौक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे संस्थानिकांच्या मोटारी उभ्या राहतात. पितळी कर्णे, कातडी गाद्या आणि दारावर राजचिन्ह! अशा मोटारींचे इतिहास लिहिले गेले, त्यांची प्रदर्शने भरली आणि ते योग्यच झाले. परंतु आमच्या खंडाळ्यात रविवारी सकाळी जुन्या रस्त्याच्या कडेला घटकाभर उभे राहावे, म्हणजे एका निराळ्याच शौकाचे दर्शन घडते. निळसर धूर सोडीत, फटफट आवाज करीत कुणाची लँब्रेटा येते, कुणाची प्रिया, कुणाची चेतक. २००२ साली पुरा झालेल्या द्रुतगती महामार्गावर दुचाकींना मज्जाव आहे. त्यामुळे या मंडळींना बोरघाटाची जुनी वाटच धरावी लागते, आणि त्या गाड्यांना ती शोभतेही. कारण त्यांच्या उमेदीच्या काळात त्या हाच घाट चढत होत्या.

हा रस्ता १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत वाहतुकीला खुला झाला. बैलगाड्या, टांगे, मोटारी असे करीत तो स्कूटरपर्यंत येऊन पोचला. स्कूटरचे मूळ मात्र इटलीतले. दुसरे महायुद्ध संपले, विमाने बांधणाऱ्या पिआज्जो कंपनीचे काम थांबले आणि १९४६ साली तिने व्हेस्पा बाजारात आणली. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी. तिचा रचनाकार कोर्रादिनो दास्कानिओ हा विमानविद्येतला माणूस. मोटारसायकल त्याला मुळीच आवडत नसे. म्हणून त्याने इंजिन मागच्या चाकापाशी झाकून टाकले, साखळी काढून टाकली आणि पुढे पाय ठेवायला मोकळी जागा ठेवली. कपड्यांना तेलाचा डाग नाही की पाय टाकून स्वार होण्याची कसरत नाही! त्या इटालियनाच्या मनात आपले धोतर आणि लुगडे खचित नसणार. पण दोन्हींची सोय त्याने करून ठेवली. पुढल्याच वर्षी मिलानच्या इनोचेंती कंपनीची लँब्रेटा निघाली आणि पन्नाशीच्या दशकात तिची जुळणी मुंबईत ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी करू लागली.

इकडे १९४५ साली स्थापन झालेल्या बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनने १९४८ पासून परदेशी दुचाक्या आणि तीनचाक्या आणून विकायला प्रारंभ केला. १९५९ मध्ये तिला त्या येथेच बनविण्याचा परवाना मिळाला. हीच पुढची बजाज ऑटो. आकुर्डीच्या कारखान्यातून व्हेस्पा बाहेर पडू लागल्या. १९७१ साली इटालियन कंपनीशी असलेला करार संपला आणि १९७२ साली राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव घेऊन चेतक आली. त्याच वर्षी पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने लूना काढली. पन्नास सीसीची, पायडल असलेली. पेट्रोल संपले तर सायकलसारखी हाणता येणारी. १९७५ साली साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्स स्थापन झाली आणि प्रिया ही तिची गाडी घरोघर गेली. म्हणजे मुंबई, पुणे आणि सातारा एवढ्या टापूतच मराठी मध्यमवर्गाच्या चाकांचा सारा इतिहास घडला!

पण कारखाने निघाले म्हणून गाडी दारात येत नसे. परवान्यांचा तो काळ. किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवी. गाड्या थोड्या आणि मागणारे फार. पैसे भरून नाव नोंदवावे आणि वाट पाहावी. आठ-दहा वर्षे वाट पाहिलेली माणसे कित्येक घरांत सापडतील. मुलगी शाळेत जाऊ लागली तेव्हा नंबर लावावा आणि तिच्या लग्नाच्या सुमारास गाडी दारात यावी! अशी गाडी आली की तिला हळदकुंकू लागे, पेढे वाटले जात, दसऱ्याला झेंडूची माळ पडे. मग एक दिवस नवरा, बायको आणि दोन मुले अशी चौघे तिच्यावर बसून खंडाळ्याला निघत.

घाट हीच तिची खरी परीक्षा असे. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण मिळते ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातूनच. चढावर इंजिन तापे. मग शिंगरोबाच्या देवळापाशी थांबावे, देवाला पैसा वाहावा आणि गाडी निवू द्यावी. भक्ती आणि व्यवहार यांची अशी सांगड क्वचितच पडत असेल. उतारावरचा धोका निराळाच. थ्रॉटल मिटून गाडी नुसती गिअरमध्ये सोडली की पेट्रोल जेमतेम जाई. त्याबरोबर तेलही आटे आणि इंजिन जाम होई. त्याला मेकॅनिक ‘सीझ’ म्हणत. म्हणून जाणता चालक उतारावरही मधूनमधून थ्रॉटल देत असे.

पुढे १९८५ साली आलेल्या हिरो होंडाने थोड्या पेट्रोलात लांब जाण्याची गोडी लावली. धुराचे नियम कडक झाले. २००९ साली बजाजने स्कूटर बनविणे थांबविण्याचा निर्णय जाहीर केला. विजेवर चालणारी चेतक २०२० मध्ये आणि लूना २०२४ मध्ये पुन्हा आली; पण परतले ते नाव, तो आवाज नव्हे.

आता या जुन्या गाड्यांना गिऱ्हाईक मिळू लागले आहे, आणि इथेच मला चार शब्द बोलावेसे वाटतात. स्कूटर विकत घेणाऱ्याने रंगाच्या चकाकीला भुलू नये. व्हेस्पाच्या वंशातल्या गाडीला निराळा सांगाडा नसतो. पत्र्याचे अंग हाच तिचा कणा. तेव्हा पायाखालचे रबर उचलून गंज पाहावा. लोहचुंबक फिरवावे, तो जिथे चिकटणार नाही तिथे पत्रा नसून पुट्टी आहे असे समजावे. चासीचा आणि इंजिनाचा नंबर कागदाशी ताडून पाहावा. मालक वारले असतील तर गाडी आधी वारसाच्या नावे झाली आहे की नाही हे विचारावे. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. गाडी मूळ रूपात असली पाहिजे, चासी, अंग वा इंजिन बदललेले चालणार नाही, अशी त्यात अट आहे. नियम झाले तेव्हा पहिली चेतक आणि पहिली लूना त्या रेषेच्या अलीकडे होत्या. वर्षभरातच त्यांनी ती ओलांडली. आपल्या वडिलांची गाडी आता कायद्यानेही इतिहासात जमा होऊ शकते!

आणि तरीही रोज कुठे ना कुठे एखादी मूळ रंगाची स्कूटर खरवडून तांबडी-पिवळी केली जाते. कुणी रेखाटलेले गणपतीचे चित्र, पुढच्या पत्र्यावर लिहिलेले मुलांचे नाव, हे सारे त्यात पुसले जाते. संस्थानिकाच्या मोटारीची माहिती दप्तरात सापडते. कारकुनाच्या, शिक्षकाच्या, नर्सबाईंच्या स्कूटरचे दप्तर म्हणजे तीच गाडी आणि घरातले चार कागद; तेवढे गेले की एका सबंध वर्गाने कशी वाट पाहिली याचा पुरावाच उरत नाही.

म्हणून वाचकहो, एवढेच सांगणे. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची जुनी पिशवी रद्दीवाल्याला देण्यापूर्वी एकदा उघडून पाहा. तीत नोंदणीची पावती असेल, पेट्रोलच्या हिशेबाची वही असेल. गाडी विकायची असेल तर खुशाल विका. पण ते कागद तिच्यासोबत द्या, आणि ती कुणी, किती वर्षे थांबून घेतली होती हे एका कोऱ्या कागदावर लिहून तोही त्यांत ठेवा.