ठगाच्या जबानीपासून ‘श्रीमान योगी’पर्यंत

1853 साली हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या थकलेल्या कर्जापोटी निजामाने काही मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. त्यात वऱ्हाड होते, रायचूरचा दुआब होता आणि आपला नळदुर्ग जिल्हाही होता. आजच्या धाराशिव जिल्ह्याचे हे जुने रूप. नळदुर्गचा कारभार पाहायला जो अधिकारी आला, तो कादंबरीकार म्हणून आधीच नावारूपाला आला होता. त्याचे नाव फिलिप मेडोज टेलर. याच जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या वाचकाने हे नाव जपून ठेवायला हवे, कारण ऐतिहासिक आणि गुन्हेगारी कादंबरीची वाट ज्या मोजक्या ठिकाणांवरून गेली, त्यांत हा टापू आहे.

टेलरची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ 1839 मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. कैदेत पडलेला अमीर अली आपल्या खुनांची हकिकत गोऱ्या साहेबाला सांगत जातो, एवढाच तिचा सांगाडा. खुनी कोण, हे वाचकाला पहिल्यापासून ठाऊक असते. तरीही पुस्तक खाली ठेववत नाही, कारण पुढचा वाटसरू जाळ्यात कसा ओढला जाणार ही धास्ती सुटत नाही. रहस्य लपवून ठेवण्यापेक्षा ते उघड करून वाचकाला धरून ठेवणे जास्त अवघड असते, आणि टेलरला ते साधले होते.

निवृत्तीनंतर त्याने ‘तारा’ लिहिली. ती 1863 मध्ये आली. तिची नायिका तुळजापूरची, काळ शिवाजी महाराज आणि अफझलखान यांचा. तुळजापूरच्या ब्राह्मणाची ही मुलगी आणि खानाचा मुलगा फाजल यांची प्रेमकथा टेलरने कल्पनेने रचली. मात्र देवीचे मंदिर, घाट, वाटा, माणसे हे सारे त्याने कारभाराच्या निमित्ताने जवळून पाहिलेले होते. कादंबरीत मुलूख जिवंत आहे. महाराजांकडे पाहण्याची नजर मात्र राज्यकर्त्या इंग्रजाची आहे. परीक्षण लिहिणाऱ्याला या दोन्ही गोष्टी एकत्र सांगाव्या लागतात, आणि तिथेच त्याची कसोटी लागते.

टेलरची पुस्तके मराठीच्या वाटेवर लवकर आली. हरिभाऊ आपटे यांची पहिली ऐतिहासिक कादंबरी ‘म्हैसूरचा वाघ’ (1890) टेलरच्याच टिपू सुलतानावरच्या कादंबरीवर आधारलेली आहे. पुढे ‘उषःकाल’मध्ये हरिभाऊंनी स्वतःची वाट काढली.

त्याआधी मराठीत अद्भुताचा सुकाळ होता. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ 1861 ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ 1868 ची. आपल्या लोकांच्या रोजच्या जगण्यात मन गुंतवील असे फारसे काही घडत नाही, म्हणून अद्भुताकडे वळावे लागते, असे रिसबुडांनी प्रस्तावनेत प्रांजळपणे मांडले. 1871 मध्ये गुंजीकरांच्या ‘मोचनगड’ कादंबरीने इतिहासाचे दार उघडले, आणि लगेच 1872 मध्ये काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांचा नावल (म्हणजे कादंबरी) आणि नाटक यांवरचा निबंध आला. त्यांनी या अद्भुत कथांना असंभाव्य म्हणून झोडपले. मराठीत कादंबरीच्या समीक्षेचा जन्म असा तक्रारीतून झाला. 1902 मध्ये इतिहासाचार्य राजवाडे यांनी ‘कादंबरी’ हा निबंध लिहिला, तेव्हा कुठे अद्भुत आणि वास्तव या दोन्हींचा मोठ्या पटावर विचार सुरू झाला.

हे सगळे पुण्या-मुंबईकडचे. निजामाच्या राज्यात कारभाराची भाषा उर्दू होती. 1929 च्या गश्ती निशाण 53 या सरकारी फर्मानाने सभा भरवण्यावरही परवानगीचे बंधन आले. अशा दिवसांत शाळा आणि वाचनालये हीच मराठी माणसांची एकत्र येण्याची जागा होती. लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याला 1921 मध्ये राष्ट्रीय शाळा सुरू झाली होती, आणि 1929 मध्ये तिथे शिकवायला आलेले तरुण शिक्षक पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ झाले. मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात हिप्परग्याचे नाव आदराने घेतले जाते. वाचनाच्या इतिहासातही ते तितकेच मोलाचे आहे, हे फारसे कोणी सांगत नाही.

याच स्वामीजींच्या पुढाकाराने 1950 मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले, आणि त्याच कॉलेजचे प्राचार्यपद पुढे नरहर कुरुंदकरांकडे आले. हिप्परग्याच्या शाळेपासून निघालेली ही वाचनाची ओढ मराठीतल्या ऐतिहासिक कादंबरीच्या सर्वांत कसदार वाचकापर्यंत पोचते. रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ला जोडलेली कुरुंदकरांची प्रस्तावना मूळचे एक दीर्घ पत्र आहे. अफझलखानाचा वध किंवा आग्र्याहून सुटका या नाट्यमय प्रसंगांतच शिवाजी महाराजांचे मोठेपण शोधू नका, असा त्यांचा आग्रह होता. राजा गेल्यावरही 1707 पर्यंत, औरंगजेब मरेपर्यंत, इथली साधी माणसे का लढत राहिली, हा त्यांचा प्रश्न. कादंबरीला असा प्रश्न विचारणे हेच परीक्षण. ‘धार आणि काठ’मध्ये त्यांनी मराठी कादंबरीचा सगळा प्रवास याच चिकित्सक बुद्धीने तपासला.

रहस्यकथेला मात्र असा वाचक मिळाला नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तके लिहिली; झुंजार, धनंजय, काळापहाड ही नावे घराघरांत पोचली. नारायण धारपांनी भयकथेला स्वतःची भाषा दिली. ज्या पुस्तकांनी हजारो माणसांना वाचायला लावले, त्यांच्यावर समीक्षकांनी क्वचितच दोन पाने खर्च केली. हा अन्याय होता.

आज विश्वास पाटील यांच्या ‘महासम्राट’ मालिकेपासून हृषीकेश गुप्ते यांच्या गूढकथनापर्यंत नवे लेखन येत आहे. त्यावर ‘मस्त आहे, वाचा’ एवढे सांगून भागणार नाही. इतिहास कुठे संपतो, कल्पना कुठे सुरू होते, रहस्याचा उलगडा प्रामाणिक आहे की शेवटी ओढून आणलेला, अद्भुत जगाचे नियम लेखक स्वतः पाळतो का, हे परीक्षणात यायला हवे. लोहारा, सास्तूर, हिप्परग्याच्या वाचकांनी सुरुवात ‘तारा’पासून करावी. ती आपल्याच मुलखाची कादंबरी आहे. शाळा-महाविद्यालयांच्या वाचक मंडळांनी ती नळदुर्ग-तुळजापूर पाहून वाचावी, आणि तिचे परीक्षण मराठीत लिहावे.