शकात ७८ मिळवायचे कोणी? एक्सएसएलटीमधील फंक्शनचा इतिहास

१/ माजिवडा आज ज्या ठाणे शहरात मोडतो, तेथील किल्ल्यात १७८७ साली खोदकामात शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट सापडला. त्यावर शके ९३९ असा उल्लेख आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन १०१७ येते. मात्र शकवर्षाच्या अखेरच्या महिन्यांत ७९ मिळवावे लागतात.

२/ समजा, अशा शेकडो लेखांची सूची एक्सएमएलमध्ये आहे आणि तिचे वेबपानात रूपांतर करायचे आहे. हे काम एक्सएसएलटी या भाषेतील स्टाइलशीट करते. कालगणनेचा नियम एकदाच लिहावा आणि प्रत्येक वेळी त्याला शक व महिना पुरवावा, हे उत्तम. नियम म्हणजे फंक्शन. पुरवलेली मूल्ये म्हणजे पॅरामीटर.

३/ १६ नोव्हेंबर १९९९ रोजी जेम्स क्लार्क यांनी संपादित केलेली १.० आवृत्ती वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने प्रमाणित केली. तीत वापरकर्त्याला स्वतःचे फंक्शन रचता येत नव्हते. पर्याय होता नाव दिलेल्या टेम्प्लेटचा. पण त्याला एक्सपाथच्या सूत्रात स्थान नव्हते. म्हणजे इसवी सनानुसार लेख निवडताना तो थेट वापरता येत नसे.

४/ पॅरामीटर नावाने दिले जात. ‘महिना’ऐवजी चुकून ‘माहिना’ लिहिले, तर ते मूल्य मुकाट्याने गळून पडे आणि ठरावीक मूल्य वापरले जाई. तक्रार नाही, पण सन चुकीचा!

५/ डिसेंबर २००० मध्ये १.१ आवृत्तीचा मसुदा आला. जावा किंवा जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली फंक्शने स्टाइलशीटमध्येच जोडण्याची सोय त्यात होती. यावर २००१ मध्ये जाहीर विरोध झाला. मुद्दा रास्त होता : परक्या भाषेवर विसंबलेले स्टाइलशीट दुसऱ्या यंत्रणेवर चालेलच, याची हमी काय? त्याच वर्षी १.१ चे काम सोडून देण्यात आले.

६/ त्याच वर्षी जेनी टेनिसन, उचे ओगबुजी आदींनी एक्सएसएलटी हा सामायिक विस्तार मांडला नाही, तर ‘ईएक्सएसएलटी’ मांडला. त्यात फंक्शन खुद्द एक्सएसएलटीतच लिहिता येऊ लागले.

७/ २३ जानेवारी २००७ रोजी मायकेल के यांनी संपादित केलेल्या २.० आवृत्तीने फंक्शनला अधिकृत स्थान दिले. नियम कडक होते. मूल्ये नावाने नव्हे, क्रमाने द्यायची. एकही वगळायचे नाही. एकाच नावाची दोन फंक्शने चालतील, पण त्यांच्या पॅरामीटरांची संख्या वेगळी हवी. शिवाय दस्तऐवजात आपण कोठे उभे आहोत, हे फंक्शनला आपोआप कळत नाही. जे लागेल ते हाती द्यावे लागते. नावाने बोलावलेल्या टेम्प्लेटला अनोळखी नावाचे पॅरामीटर देणेही आता चूक ठरले.

८/ ही कडक शिस्त जाचक वाटेल. पण त्यामुळेच शक आणि महिना तेच असतील, तर उत्तरही तेच येते. मग सूचीत तो लेख कोठेही असो. इतिहासाच्या साधनांना हाच भरवसा हवा असतो.