एका पत्राचा अपमान

अपमान कुणाचा झाला, यावर त्याची किंमत ठरते. राष्ट्राराष्ट्रांच्या व्यवहारातही हेच चालते. १८९८ सालचे एक पत्र या दृष्टीने वाचण्यासारखे आहे.

वॉशिंग्टनमधील स्पेनचा वकील एन्रिके दुपुय दे लोम याने १८९७ च्या डिसेंबरात हवाना येथे असलेल्या आपल्या मित्राला, कानालेहास याला, खासगी पत्र लिहिले. क्यूबा त्या वेळी स्पेनची वसाहत होती आणि १८९५ पासून तेथे स्वातंत्र्ययुद्ध पेटले होते. वाटेत कुठेतरी हे पत्र क्यूबन क्रांतिकारकांच्या सहानुभूतीदारांच्या हाती लागले. त्यांनी ते न्यूयॉर्कला पोचते केले, आणि ९ फेब्रुवारी १८९८ रोजी हर्स्टच्या 'न्यूयॉर्क जर्नल'ने त्याची छायाप्रत छापली. अमेरिकेच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा अपमान, असा मथळा त्यावर होता.

पत्रात काय होते? अध्यक्ष मॅकिन्ली दुबळा आहे, गर्दीची वाहवा मिळविण्यासाठी धडपडणारा टिनपाट राजकारणी आहे, युद्धखोरांनाही सांभाळतो आणि स्वतःला पळवाटही ठेवतो, असा मजकूर होता. खरे म्हणजे असे बोलणारे खुद्द अमेरिकेतही होते. पण घरच्याने म्हटले तर टीका, परक्या वकिलाने म्हटले तर राष्ट्राचा अपमान! त्याहून घातक वाक्य वेगळेच होते. व्यापाराच्या वाटाघाटी निदान देखाव्यापुरत्या तरी चालू कराव्यात, असे वकीलसाहेबांनी सुचविले होते. स्पेनच्या सुधारणांच्या आश्वासनांवरचा उरलासुरला विश्वास त्या वाक्याने उडाला. वृत्तपत्रांनी मात्र शिवीच उचलली, कारण शिवी विकली जाते.

दे लोमने अमेरिकेने मागणी करण्याआधीच राजीनामा तारेने पाठविला, स्पेनने खेद व्यक्त केला. प्रकरण तेथे मिटलेही असते. पण १५ फेब्रुवारीच्या रात्री हवाना बंदरात 'मेन' ही अमेरिकन युद्धनौका स्फोटाने बुडाली. अडीचशेहून अधिक माणसे मेली. १९७६ साली अमेरिकन आरमाराच्याच एका अभ्यासाने हा स्फोट बहुधा जहाजाच्या आतच झाला असावा, असा निष्कर्ष काढला. पण १८९८ मध्ये पत्राने मने आधीच तापली होती, त्यामुळे दोष कुणाचा हे लोकांनी चौकशीपूर्वीच ठरवून टाकले. एप्रिलमध्ये युद्ध सुरू झाले.

याच दिवसांतली दुसरी एक घटना इतिहासाच्या पुस्तकांत या पत्राशेजारी कधी ठेवली जात नाही. साउथ कॅरोलायनातील लेक सिटी या गावी फ्रेझियर बेकर हा काळा माणूस पोस्टमास्तर होता. त्याची नेमणूक मॅकिन्लीच्याच सरकारने केली होती. काळ्या माणसाच्या हातून पत्रे घेणे गोऱ्यांना सोसवले नाही. 'मेन' बुडाल्यानंतर आठवड्याने, २२ फेब्रुवारीला, जमावाने त्याचे घर पेटवले. पोस्टही तेथेच होते. बाहेर पडणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. बेकर आणि त्याची तान्ही मुलगी मेली, बायको व इतर मुले जखमी झाली. आयडा वेल्स ही काळी पत्रकार मॅकिन्लीला भेटून न्याय मागून आली. १८९९ साली खटला चालला. ज्यूरीचे एकमत झाले नाही, शिक्षा कुणालाही झाली नाही. सरकारचा नोकर सरकारी टपालासह जाळला गेला, त्यात राष्ट्राचा अपमान कुणाला दिसला नाही. महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले होते. त्या अमेरिकेची पंचवीस वर्षांनंतरची ही स्थिती!

आता क्यूबाकडे वळू. पत्र फोडणाऱ्या क्यूबन देशभक्तांना अमेरिकेचे साहाय्य हवे होते, आणि ते मिळाले. पण त्यांचे सैन्य कुणाचे होते? गुलामगिरी तेथे १८८६ मध्ये संपली होती, आणि काल-परवापर्यंत उसाच्या मळ्यात राबणाऱ्या काळ्यांचा त्या सैन्यात मोठा भरणा होता. त्यांचा थोर सेनानी आंतोनियो मासेओ १८९६ मध्येच धारातीर्थी पडला होता. अमेरिकेच्या बाजूनेही काळ्यांच्या पलटणी लढल्या. जुलैमध्ये सांतियागो शहर शरण आले, तेव्हा अमेरिकन सेनापतीने क्यूबन सैन्याला शहरात पाऊल टाकू दिले नाही. डिसेंबरात पॅरिसला तह झाला, त्या टेबलाशी क्यूबनांना जागाच नव्हती. फिलिपीन्स मात्र दोन कोटी डॉलर देऊन अमेरिकेने घेतले. १९०१ च्या प्लॅट दुरुस्तीने क्यूबात वाटेल तेव्हा हस्तक्षेप करण्याचा हक्कही तिने लिहून घेतला.

स्वतंत्र क्यूबात काळ्या सैनिकांनी नोकऱ्या व मान मागितला. १९०८ साली त्यांनी स्वतःचा पक्ष काढला. १९१० साली वर्णावर आधारलेल्या पक्षांवर बंदी घालणारा कायदा झाला. १९१२ मध्ये त्यांनी उठाव केला, तेव्हा क्यूबाच्याच सैन्याने हजारो काळ्यांची कत्तल केली. पक्षाचे नेते एस्तेनोस आणि इव्होनेत, दोघेही स्वातंत्र्ययुद्धात लढलेले, त्यातच मारले गेले. अमेरिकन नौसैनिक तेव्हाही किनाऱ्यावर उतरले होते, मळे आणि खाणी राखण्यासाठी.