पेट स्कॅनमधील आकडा काय सांगतो?

कर्करोगाच्या रुग्णाला मिळणाऱ्या पेट स्कॅनच्या अहवालात ‘एसयूव्ही’ नावाचा एक आकडा असतो. मागील खेपेस तो ८ होता, आता ६ आहे, म्हणजे औषध लागू पडले, असा हिशेब नातेवाईक लगेच मांडतात. हा हिशेब वाटतो तितका सरळ नाही.

या तपासणीत बहुधा एफडीजी हे द्रव्य शिरेतून दिले जाते. ग्लुकोजसारख्या रेणूला फ्लोरिन-१८ या किरणोत्सारी अणूची जोड दिलेली असते. दर ११० मिनिटांनी त्याचा किरणोत्सार निम्मा होतो. पेशी त्याला साखर समजून आत घेतात, हेक्झोकायनेज हे विकर त्याला फॉस्फेट जोडते आणि पुढचे विघटन होत नसल्याने ते तेथेच अडकून पडते. तासाभराने चित्र घेतात. गाठीतील किरणोत्सार, दिलेली मात्रा आणि रुग्णाचे वजन यांवरून एसयूव्ही काढला जातो. रक्तातील साखर वाढली, चित्र घेण्यास उशीर झाला, तर गाठ तीच असूनही आकडा बदलतो. चरबी एफडीजी फारसे घेत नाही, त्यामुळे स्थूल व्यक्तींत तो फुगतो.

दादर स्थानकातील गर्दीच्या एका छायाचित्रावरून किती माणसे आली, किती गेली आणि किती खोळंबली, हे कळणे शक्य नाही. एसयूव्हीचे तसेच आहे. गतिकी प्रारूपात इंजेक्शनच्या क्षणापासून चित्रमालिका घेतात, रक्तातील द्रव्याचे प्रमाणही मोजत राहतात आणि त्यावरून द्रव्य पेशीत शिरण्याचा, परतण्याचा व अडकण्याचा वेग स्वतंत्रपणे काढतात. अमेरिकेतील लुई सोकोलॉफ यांनी १९७७ मध्ये उंदरांच्या मेंदूसाठी मांडलेली ही पद्धत १९७९ मध्ये मानवी मेंदूसाठी वापरली गेली.

औषध संशोधनात तिचे मोल विशेष कळले. मनोविकारावरील औषधाने मेंदूतील डोपामाइनचे किती ग्राहक व्यापले, हे कार्बन-११ जोडलेल्या रॅक्लोप्राइडने मोजता आले. साधारण ६५ ते ८० टक्के ग्राहक व्यापले की बहुतेक औषधांचा गुण येतो. त्यापुढे हातपाय ताठरण्यासारखे दुष्परिणाम बळावतात. मात्रा वाढवत नेणे म्हणजे उपचार वाढवणे नव्हे, हे त्यातून आकड्यांनिशी दिसले.

मग ही पद्धत सर्रास का वापरली जात नाही? रुग्णाला तास-दीड तास निश्चल पडून राहावे लागते आणि काटेकोर मोजणीसाठी रोहिणीतून वारंवार रक्त घ्यावे लागते. आजारी माणसाकडून ही अपेक्षा अवघडच. कॅलिफोर्नियातील डेव्हिस विद्यापीठाच्या सहभागाने तयार झालेल्या, सुमारे दोन मीटर लांबीच्या यंत्राने २०१८ मध्ये माणसाची पहिली चित्रे टिपली. त्यात हृदय आणि गाठ एकाच वेळी दिसत असल्याने रक्तातील प्रमाण चित्रावरूनच काढता येते. अशी यंत्रे अतिशय महाग आहेत.

तोवर एसयूव्हीवरच काम भागवायचे आहे. २००९ च्या ‘पर्सिस्ट’ निकषांनुसार चरबी वगळून वजन धरावे आणि घट किमान ३० टक्के असेल तरच प्रतिसाद मानावा. ८ वरून ६ ही घट २५ टक्क्यांचीच आहे.